इटलीच्या टाचेवरील प्रांत

युरोपचा नकाशा पुढें घेतला असतां इटली देश गुडघ्यापर्यंत चढविलेल्या बुटासारखा दिसतो, हें आपल्या शाळेंतील लहान मुलेंहि सांगतील. परंतु त्या बुटाच्या टाचेकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस हीं नांवें सर्वांच्या तोंडीं असतात. टाचेचा मुलूख मात्र भूगोलाच्या पुस्तकांत एका ओळींत आटोपतो. त्या टाचेच्या अगदीं टोंकावर लेच्चे नांवाचा प्रांत आहे. त्याच्या पूर्वेस आद्रियातिक समुद्र, पश्चिमेस आयोनियन समुद्र, आणि दोहोंच्या मध्यें तांबड्या मातीची, चुनखडीच्या खडकाची व जैतुनाच्या झाडांची एक सपाट पट्टी. डोंगर म्हणावा असा डोंगर तेथें नाहीं. नदी म्हणावी अशी नदी तर एकहि नाहीं. जो पाऊस पडतो तो खडकाच्या भेगांतून खालीं जिरून जातो. अशा या रुक्ष भूमीवर शंभराच्या आसपास लहानमोठीं गांवें वसलीं आहेत, आणि त्यांतील एखाद्या आडगांवांत देखील थांबून पाहावें असें प्रार्थनामंदिर आढळतें. नदीवांचून असलेल्या मुलखांत हें वैभव आलें कोठून, असा प्रश्न कोणाहि विचारी वाचकाच्या मनांत येईल.

त्याचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर, समुद्रावरून. समुद्र हें या प्रांताचें दार आहे, आणि त्या दाराला कडी अशी कधींच नव्हती. ग्रीक आले, रोमन आले, पूर्वेकडील साधु आले, चांचे आले, तेलाचे व्यापारी आले आणि अगदीं अलीकडे निराश्रित लोकहि आले. सारे याच दारानें. जें आलें त्याची नोंद येथील लोकांनीं आपल्या देवालयांत करून ठेविली. म्हणून हा प्रांत पाहावयाचा असेल तर किनारा निराळा आणि देवालयें निराळीं असें करून चालत नाहीं. एकाचा अर्थ दुसऱ्याकडे पाहिल्यावांचून लागत नाहीं.

मुंबई बंदराशीं या टाचेचा एके काळीं निकटचा संबंध होता, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या स्मरणांत असेल. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला आणि पुढच्याच वर्षापासून विलायतेची डाक लंडनहून आगगाडीनें ब्रिंदिझी बंदरापर्यंत व तेथून आगबोटीनें मुंबईस येऊं लागली. १९१४ मध्यें महायुद्ध सुरू होईपर्यंत हा क्रम चालला. १९३१ सालीं गोलमेज परिषदेहून परततांना महात्मा गांधी १४ डिसेंबर रोजीं याच ब्रिंदिझीस बोटीवर चढले. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ च्या सप्टेंबर महिन्यांत, हिंदी फौजेची आठवी डिव्हिजन जवळच्या तारांतो बंदरांत उतरली. तींत मराठा पलटणहि होती, आणि त्याच पलटणींतील शिपाई नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं उत्तर इटलींतील सेनियो नदीच्या कांठीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. ब्रिंदिझी व तारांतो हीं दोन्ही बंदरें लेच्चे प्रांताच्या वेशीबाहेर आहेत खरीं. पण ब्रिंदिझीहून लेच्चे शहर अवघें ४० किलोमीटर दूर आहे, आणि आपला प्रवास तेथूनच सुरू करणें सोयीचें.

लेच्चे शहरांत शिरतांच डोळ्यांत भरतो तो तेथील दगडाचा रंग. सकाळीं तो सायीसारखा फिकट दिसतो आणि सायंकाळीं मधासारखा पिवळा होतो. हा दगड मूळचा समुद्राचाच. एक-दोन कोटि वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशीं साचलेल्या गाळाचा तो झालेला असून त्यांत शिंपल्यांचे व माशांच्या दांतांचे अवशेष सांपडतात. खाणींतून काढतेवेळीं तो इतका मऊ असतो कीं सुतारानें लाकूड कोरावें तसा तो कोरतां येतो, आणि उघड्या हवेंत राहिला म्हणजे हळूहळू टणक होतो. कोंकणांतील वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. आपला जांभा चिराहि जमिनींतून निघतांना नरम व वारा लागल्यावर कठीण होतो. फरक एवढाच कीं जांभा छिद्राछिद्रांचा असल्यामुळें त्यावर बारीक नक्षी उठत नाहीं, तर लेच्चेच्या दगडावर वस्त्राच्या चुण्यादेखील उठतात. कोरलेला दगड टिकावा म्हणून जुने पाथरवट त्यावर दुधाचा हात देत, असें तेथें सांगतात.

या दगडाची कमाल पाहावयाची तर सांता क्रोचे, म्हणजे पवित्र क्रूसाचें मंदिर, पाहावें. त्याचें काम १५४९ मध्यें सुरू झालें आणि १६९५ मध्यें संपलें. सुमारें दीडशें वर्षें! आजोबानें आरंभिलेल्या खांबावर नातवानें हात फिरवावा असा तो काळ. झिंबालो घराण्यांतील एकाहून अधिक पिढ्या त्या कामांत गुंतल्या होत्या. मंदिराच्या दर्शनी भिंतीवर फळें, फुलें, देवदूत, सिंह, पंख असलेले विचित्र प्राणी यांची इतकी दाटी आहे कीं हाताएवढी जागा मोकळी सांपडणें कठीण. खरें सांगावयाचें तर ही नक्षी जरा अतीच झाली आहे, आणि साध्या रेषांची आवड असणाऱ्यास ती पाहून गुदमरल्यासारखें होईल. पण मधल्या सज्ज्याखालीं नीट पाहावें. तो सज्जा खांद्यावर पेलून वांकलेल्या कांहीं मानवी आकृति तेथें आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या डोक्यास फेटे आहेत. ते तुर्की बंदी होत, असा अर्थ बहुधा लावितात. १५७१ मध्यें लेपांतोच्या समुद्रांत तुर्कांच्या आरमाराचा पराभव झाला, त्याची ही खूण. या फेट्यांचा उगम आपणांस पुढें ओत्रांतो येथें समजेल. ज्याचें भय शंभर वर्षें वाटलें त्याला दगडाचा करून आपल्या देवळाचें ओझें वाहावयास लावणें, ही सूड घेण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे.

शहरांतील मुख्य देवालयाचीहि एक मौज आहे. तें ज्या चौकांत आहे तो तिन्ही बाजूंनीं बंद असून लोक एकाच बाजूनें आंत येतात. येणाऱ्यास देवालयाची दर्शनी बाजू दिसतच नाहीं, बाजूची भिंत दिसते. १६५९ ते १६७० या काळांत ज्युझेप्पे झिंबालो यानें तें नव्यानें बांधलें तेव्हां त्यानें बाजूच्या भिंतीलाच दुसरें दर्शनी रूप दिलें, आणि तें मूळच्या दर्शनी बाजूपेक्षां जास्त थाटाचें झालें! शेजारचा घंटेचा मनोरा सुमारें ७० मीटर उंच आहे. तेथून जवळच एका चौकांत रोमन काळचें लंबवर्तुळाकार प्रेक्षागृह जमिनीखालून वर आलेलें आहे. १९०१ मध्यें एका बँकेच्या इमारतीचा पाया खणतांना तें सांपडलें. दगड ज्यांना परवडत नसे त्यांच्यासाठीं लेच्चेच्या कारागिरांनीं कागदाचा लगदा, गवत, तार व खळ यांच्या संतमूर्ति करण्याची कला वाढविली. न्हावीहि आपल्या दुकानांत गिऱ्हाईक नसे तेव्हां हें काम करीत, अशी आख्यायिका आहे. या मूर्ति हलक्या असल्यामुळें मिरवणुकींत खांद्यावरून नेण्यास सोयीच्या पडत. आजहि हा धंदा तेथें जिवंत आहे.

लेच्चेच्या दक्षिणेस थोडें आंत गेलें म्हणजे कांहीं गांवांचा एक पुंजका लागतो. तेथील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं इटालियन नव्हे, तर एक प्रकारची ग्रीक भाषा ऐकूं येते. तिला ग्रिको म्हणतात. त्यांपैकीं एका गांवाचें नांवच कालिमेरा आहे, आणि ग्रीक भाषेंत याचा अर्थ ‘सुप्रभात’ असा होतो. हे लोक ख्रिस्तपूर्व काळांतील ग्रीक वसाहतकारांचे वंशज कीं मध्ययुगांत कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्याबरोबर आलेल्यांचे, यावर विद्वानांचा जुना वाद आहे. गेर्हार्ड रोल्फ्स या जर्मन भाषापंडितानें पहिल्या मताचा जन्मभर पुरस्कार केला. सोलेतो गांवच्या सान स्तेफानो या चिमुकल्या देवळांत भिंतींवरील चित्रें पूर्वेकडील धाटणीचीं असून त्यांवरील कांहीं अक्षरें ग्रीक आहेत, इतकें मात्र कोणासहि डोळ्यांनीं पाहतां येतें. घरीं ग्रिको बोलणाऱ्या मुलांस शाळेंत ती बोलण्याची लाज वाटावी, अशी स्थिति पूर्वीं होती. १९९९ मध्यें इटलीच्या सरकारनें कायदा करून अशा लहान भाषांस संरक्षण दिलें. पण तोंवर पुष्कळशा आयांनीं मुलांशीं ती बोलणें सोडून दिलें होतें. कायद्यानें पाट्या दोन भाषांत लागतात. अंगाईगीत कायद्यानें परत येत नाहीं. कालिमेरा येथें सान व्हितोच्या देवळांत एक मोठा भोंक असलेला खडक आहे. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीं लहानथोर माणसें त्या भोंकांतून सरपटत पलीकडे जातात. ही चाल ख्रिस्ती धर्माहून जुनी असावी असें बहुतेक मानतात, आणि देवालय त्या खडकाभोंवतीं बांधलेलें असल्यामुळें तसें मानण्यास जागाहि आहे.

याच भागांत गालातीना नांवाचें गांव आहे. तेथील संत कातेरिनाचें मंदिर चौदाव्या शतकाच्या अखेरीस राइमोंदेल्लो ओर्सिनी देल बाल्झो या सरदारानें बांधविलें. आंत भिंतींवर व छतावर तसूभरहि जागा न सोडतां बायबलांतील कथा रंगविल्या आहेत; ज्यांना वाचतां येत नव्हतें त्यांच्यासाठीं तें एक उघडें पुस्तकच होतें. पण गालातीनाचें नांव दुसऱ्याच एका लहान देवळामुळें गाजलें. विषारी कोळी चावला असें म्हणून शेतमजुरी करणाऱ्या बायका उन्हाळ्याच्या आरंभीं अस्वस्थ होत, घरीं वाजंत्री बोलावून तासन् तास नाचत, आणि २९ जूनला संत पॉलच्या या देवळांत येऊन तेथील विहिरीचें पाणी पीत. १९५९ सालीं एर्नेस्तो दे मार्तिनो हे संशोधक वैद्य, मानसशास्त्रज्ञ व संगीतज्ञ यांना बरोबर घेऊन तेथें गेले. पुष्कळ बायकांना चावा एकदांच झालेला, पण नाचाची लहर मात्र दर वर्षीं त्याच सुमारास येते, असें त्यांस आढळलें. त्यांचा निष्कर्ष असा कीं हें विष कोळ्याचें नसून दारिद्र्याचें, मनाविरुद्ध झालेल्या लग्नाचें व बोलतां न येणाऱ्या दुःखाचें होतें. आपल्याकडे अंगांत येणाऱ्या बायकांकडे पाहून हंसणारे पुष्कळ असतात; दे मार्तिनो हंसले नाहींत, त्यांनीं विचारपूस केली. ती चाल आतां बंद पडली आहे. त्या नाचाचें संगीत मात्र शेजारच्या मेल्पिञ्ञानो गांवीं १९९८ पासून दर ऑगस्टांत मोठ्या मेळ्यांत वाजविलें जातें.

आतां पूर्वेस वळून ओत्रांतो गांठूं. लेच्चेच्या देवळावर कोरलेल्या त्या फेट्यांचें मूळ येथें आहे.

ओत्रांतो हें तटबंदीचें लहान बंदर आहे. समोर आल्बेनियाचा किनारा असून मधली सामुद्रधुनी सुमारें ७२ किलोमीटर रुंद आहे. आकाश निरभ्र असलें म्हणजे पलीकडचे डोंगर दिसतात. येथील मुख्य मंदिराचा अभिषेक १०८८ मध्यें झाला. तळघरांतील देवघर चाळिसाहून अधिक खांबांवर उभें असून त्या खांबांचे माथे एकमेकांसारखे नाहींत, कारण जुन्या पडक्या इमारतींतून मिळतील तसे ते आणलेले आहेत. परंतु पाहणाऱ्यानें वर वा खालीं न जातां प्रथम आपल्या पायांखालीं पाहावें. दारापासून वेदीपर्यंत सारी जमीन रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांनीं चित्रित केलेली आहे. ११६३ ते ११६५ या काळांत पांतालेओने नांवाच्या साधूनें हें काम करविलें. त्याचें व त्या वेळच्या आर्चबिशपाचें नांव तेथेंच जमिनींत लिहिलेलें आहे.

या चित्रांत एक प्रचंड वृक्ष दारापासून वेदीकडे वाढत गेला आहे, आणि तो वृक्ष पेलून उभे आहेत दोन हत्ती! हत्ती त्या साधूनें बहुधा कधीं पाहिले नसावेत. तरीहि सर्व जगाचा भार कोणीतरी वाहावयाचा तर तो हत्तीनेंच, ही कल्पना आपणांस किती ओळखीची वाटते. वृक्षाच्या फांद्यांतून आदम व एवा, नोहाचें तारूं, बाबेलचा बुरूज हे प्रसंग दिसतात, आणि त्यांच्याच शेजारीं पक्षिमुखी सिंहांच्या पाठीवरून आकाशांत उडणारा शिकंदर बादशहा व ब्रिटनचा राजा आर्थर हेहि बसलेले आहेत. एकीकडे बारा महिन्यांचीं बारा वर्तुळें असून त्यांत शेकोटीजवळ बसलेला, धान्य कापणारा, द्राक्षें तुडविणारा असा साधा शेतकरी काढलेला आहे. यहुदी, ग्रीक, लॅटिन आणि उत्तरेकडील दंतकथा, इतक्या गोष्टी एका फरशीवर एकत्र याव्या हें ओत्रांतोसारख्या बंदरांतच घडूं शकतें. गांवाबाहेर सान निकोला दि कासोले नांवाचा ग्रीक साधूंचा मठ होता. तेथें मोठा ग्रंथसंग्रह असे व ग्रंथांच्या नकला होत. ज्या गांवांत पुस्तकें व जहाजें एकत्र येतात तेथील चित्रकारास विषय शोधावे लागत नाहींत.

१४८० च्या जुलैअखेर पलीकडच्या व्लोरा बंदरांतून निघालेलें तुर्की आरमार गेदिक अहमद पाशाच्या हुकमतीखालीं ओत्रांतोसमोर येऊन ठाकलें. शहरांत मोठी फौज नव्हती. सुमारें पंधरा दिवसांच्या वेढ्यानंतर ११ ऑगस्टला तट पडला. वृद्ध आर्चबिशप मारला गेला. आणि १४ तारखेस जिवंत उरलेल्या पुरुषांपैकीं सुमारें ८०० जणांचा जवळच्या टेकडीवर शिरच्छेद करण्यांत आला. धर्म बदलण्यास त्यांनीं नकार दिला म्हणून ही शिक्षा झाली, असें परंपरा सांगते. शहरानें शरण न येतां प्रतिकार केला याचा तो बदला असावा, असें अलीकडील कांहीं इतिहासकारांस वाटतें. कारण कोणतेंहि असो, मरणारे लोक कोळी, मजूर व कारागीर होते, सैनिक नव्हते. ते पळूनहि गेले नव्हते. पुढच्या वर्षीं सुलतान दुसरा महंमद मरण पावला आणि सप्टेंबर १४८१ मध्यें नेपल्सच्या सैन्यानें शहर परत घेतलें. तोंपर्यंत कासोलेचा मठ व त्यांतील ग्रंथ नष्ट झाले होते. आज त्या मृतांच्या कवट्या व अस्थि मुख्य मंदिरांत वेदीमागें कांचेच्या मोठ्या कपाटांत ठेवलेल्या दिसतात. पाहणाऱ्याच्या अंगावर कांटा येतो. १२ मे २०१३ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संतपद दिलें.

यानंतर किनारा कसा बदलला हें पाहण्यास इतिहासाचें पुस्तक उघडावें लागत नाहीं. सोळाव्या शतकांत स्पेनच्या सत्तेखालीं साऱ्या किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज उभे राहिले. एका बुरुजावरून दुसरा दिसावा अशी त्यांची योजना होती. आज समुद्रस्नानास येणारे लोक ज्या वाळूवर पथाऱ्या पसरतात त्यांपैकीं पुष्कळ ठिकाणांचीं नांवें ‘तोर्रे’ म्हणजे बुरूज या शब्दानेंच सुरू होतात. ओत्रांतोच्या उत्तरेस पाइनच्या झाडींतून जेथें उतरतां येतें त्या रम्य उपसागरास अजून ‘तुर्कांची खाडी’ असें म्हणतात.

आणि दार तर आजहि उघडेंच आहे. २८ मार्च १९९७ रोजीं, गुड फ्रायडेच्या सायंकाळीं, त्याच व्लोरा बंदरांतून निघालेली ‘कातेर इ रादेस’ ही माणसांनीं खच्चून भरलेली बोट, तिला अडवूं पाहणाऱ्या इटालियन आरमारी जहाजाची धडक बसून बुडाली. आल्बेनियांतील बंडाळी चुकवून येणारीं ऐंशीहून अधिक माणसें तींत मेलीं; पुष्कळशीं बायकामुलें होतीं. या वेळीं येणाऱ्यांच्या हातांत तलवार नव्हती, गांठोडीं होतीं. त्या बोटीचा सांगाडा समुद्रांतून वर काढण्यांत आला, आणि कोस्तास व्हारोत्सोस या ग्रीक शिल्पकारानें त्यास हिरव्या कांचेची जोड देऊन तो ओत्रांतोच्या बंदरावर उभा केला आहे. मुख्य मंदिरांतील कांचेचें कपाट आणि बंदरावरील हा कांचेचा सांगाडा यांच्यामध्यें थोड्या मिनिटांची वाट आहे. मी तर म्हणेन कीं पहिलें पाहणाऱ्यानें दुसरें पाहिल्यावांचून परतूं नये.

ओत्रांतोच्या दक्षिणेस पालाशिया हें भूशिर इटलीच्या भूमीचें सर्वांत पूर्वेकडील टोंक होय. पुढील किनारा खडकाळ व गुहांनीं पोखरलेला आहे. पोर्तो बादिस्को येथील एका गुहेंत हजारों वर्षांपूर्वींच्या माणसांनीं गेरूनें व वटवाघुळांच्या लेंडीच्या काळ्या रंगानें हरणें व शिकारी काढलेले आहेत. १९७० मध्यें ही गुहा सांपडली. माणसांच्या श्वासानें चित्रें खराब होऊं नयेत म्हणून ती सर्वांसाठीं बंद ठेविली आहे, आणि तें योग्यच आहे. तिकडे उत्तरेस रोका येथें समुद्रकांठच्या एका गुहेच्या भिंतींवर, रोमन लोकांपूर्वीं येथें राहणाऱ्या मेस्सापी लोकांच्या भाषेंत देवाला केलेले नवस कोरलेले आहेत. ती भाषा आज कोणी बोलत नाहीं. शिलालेखांतूनच ती ओळखावी लागते. म्हणजे समुद्राजवळ जाऊन देवापाशीं कांहीं मागणें, हें या किनाऱ्यावर देवळांच्याहि आधींपासून चालू आहे.

अगदीं दक्षिणेच्या टोंकास, दोन्ही समुद्र जेथें भेटतात असें लोक मानतात, तेथें सांता मारिया दि लेउका आहे. तेथील मरियेच्या देवालयाचें लॅटिन नांव ‘भूमीच्या शेवटची’ अशा अर्थाचें आहे. जिवंतपणीं जो लेउकेस गेला नाहीं त्याला मेल्यावर जावें लागतें, असा भाविकांचा समज. शेजारीं १८६६ सालचें, ४७ मीटर उंचीचें दीपगृह आहे. त्याच ठिकाणीं आणखी एक गोष्ट आहे आणि प्रवासी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. आपुलियाच्या या निर्जल भागास दूरच्या डोंगरांतील सेले नदीचें पाणी आणण्याचें काम १९०६ मध्यें सुरू झालें. तो जलमार्ग लेउकेस येऊन संपतो, आणि क्वचित् प्रसंगीं उरलेलें पाणी तेथें धबधब्याच्या रूपानें समुद्रांत सोडतात. देवळाइतकीच ती जागाहि मला पवित्र वाटते. ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या पावसाचें पाणी टाक्यांत सांठवून दिवस काढले त्यांच्या दृष्टीनें नळाचें पाणी हा चमत्कारच होता.

येथून पश्चिमेचा किनारा लागतो. खडक संपून बारीक पांढरी वाळू येते, आणि पाणी इतकें उथळ कीं लहान मुलें बरींच आंत चालत जाऊं शकतात. एका वाळवंटास जाहिरातदारांनीं ‘सालेंतोचें मालदीव’ असें नांव दिलें आहे. पेस्कोलूझे हें त्याचें स्वतःचें नांव कांहीं वाईट नव्हतें. याच बाजूस, नार्दो गांवाजवळील सांता मारिया अल बाञ्ञो या समुद्रकांठच्या वस्तींत, १९४३ ते १९४७ या काळांत युरोपांतील छळछावण्यांतून वांचलेल्या यहुदी निराश्रितांस आसरा मिळाला. त्यांपैकीं एकानें भिंतीवर काढलेलीं चित्रें तेथील संग्रहालयांत जपून ठेविलीं आहेत.

गाल्लीपोली हें या किनाऱ्यावरील मुख्य शहर. १९१५ च्या लढाईंत हिंदी सैनिक जेथें लढले तें गॅलिपोली तुर्कस्थानांत आहे, हें निराळें. नांव मात्र दोहोंचें एकच, आणि ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ ‘सुंदर नगरी’ असा होतो. जुनें शहर एका बेटावर असून पुलानें जमिनीशीं जोडलेलें आहे. बेटाच्या कडेनें समुद्राकडे तोंड करून लहान लहान देवळांची रांगच लागते, आणि तीं देवळें राजांचीं वा सरदारांचीं नसून धंदेवाल्यांच्या मंडळ्यांचीं आहेत. पिंपें करणाऱ्यांचें एक, कोळ्यांचें एक, आणि पुरिता हें सतराव्या शतकांतील देऊळ तर बंदरावरील हमालांचें. बाहेरून पाहिलें तर साधी पांढरी भिंत. आंत रंगीत चिनी मातीच्या फरशा आणि चित्रांनीं भरलेल्या भिंती. दिवसभर पाठीवर पिंपें वाहणाऱ्या माणसांनीं आपल्या मजुरींतून हें उभें केलें. लेच्चेच्या भव्य मंदिरापेक्षां या हमालांच्या देवळापुढें मी अधिक वेळ थांबेन.

त्या पिंपांत काय असे? जैतुनाचें तेल, पण खाण्याचें नव्हे, दिव्यांचें. विजेचे व गॅसचे दिवे येण्यापूर्वीं उत्तर युरोपांतील मोठमोठ्या शहरांतून गाल्लीपोलीचें तेल जळत असे. तें गाळण्याचे घाणे जमिनीखालीं खडकांत खोदलेले असत, कारण थंडींत तेल थिजतें आणि तळघरांत ऊब राहते. हिंवाळ्यांत समुद्र खवळल्यामुळें बेकार झालेले खलाशी त्या घाण्यांवर राबावयास येत, म्हणून मुकादमास तांडेलाच्या अर्थाचा जुना ग्रीक शब्द लावीत. महिनेच्या महिने ते लोक व खेंचरें सूर्य न पाहतां एकाच भुयारांत राहत. लंडनच्या दिवाणखान्यांत उजेड पडावा म्हणून येथें माणसें अंधारांत बसत. असा एक घाणा आज प्रवाशांस दाखविण्यांत येतो.

परंतु हे जैतूनच आतां मेले आहेत. २०१३ सालीं गाल्लीपोलीच्या आसपास झाडांच्या शेंड्यांचीं पानें भाजल्यासारखीं वाळूं लागलेलीं दिसलीं, आणि त्याचें कारण ‘झायलेल्ला’ नांवाचा सूक्ष्म जंतु आहे असें ठरलें. हा जंतु झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढून त्या बुजवितो. झाड मुळांत पाणी असून तहानेनें मरतें. गवतावर फेसाच्या पुंजक्यांत वाढणारा एक लहानसा किडा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. मध्य अमेरिकेंतून शोभेसाठीं आणलेल्या कॉफीच्या रोपांबरोबर तो आला असावा, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. म्हणजे तोहि परदेशच्या व्यापाराच्या वाटेनेंच आला. रोगट झाडें व त्यांच्या भोंवतालचीं निरोगी झाडें तोडावीं असें तज्ज्ञांनीं सांगितलें, तेव्हां शेतकरी झाडांना मिठी मारून उभे राहिले, खटले झाले, कांहीं काळ तोड थांबली. आणि तेवढ्यांत रोग उत्तरेकडे सरकला. त्या शेतकऱ्यांस अडाणी म्हणणें सोपें आहे. पणजोबाच्या पणजोबानें लावलेलें झाड, वर हिरवें दिसत असतां, कोणीतरी कागद दाखवून तोडा म्हणतो, अशा वेळीं आपण काय केलें असतें याचा विचार ज्याच्या दारांत जुना आंबा आहे त्यानें करावा. लक्षावधि झाडें वाळलीं. ज्या वाटेनें एके काळीं रुपेरी पानांची सावली संपत नसे तेथें आज मैलचे मैल पांढरे सुळके उभे आहेत.

सर्वच जाती मात्र मेल्या नाहींत. येथील जुन्या ओल्यारोला व चेल्लीना या जाती रोगास बळी पडल्या, परंतु लेच्चीनो व फाव्होलोजा या दोन जाती जंतु अंगांत असूनहि तग धरतात असें आढळलें. त्यांचीं रोपें आतां रांगेनें लावण्यांत येत आहेत. कांहीं शेतकरी तर शेंकडों वर्षांच्या पिळदार खोडांवर लेच्चीनोचें कलम बांधून पाहत आहेत. कलम धरलें तर जुन्या मुळांवर नवीं पानें येतात. जैतुनाच्या झाडास पुरतें फळ धरावयास बरींच वर्षें लागतात, तोंवर हीं माणसें वाळलेल्या झाडांच्या मधून नव्या रोपांना पाणी घालीत फिरत असतात.